सहा ऋतूंचे मुखलेप

वाग्भटाच्या अष्टांगहृदय या ग्रंथाच्या सूत्रस्थानात बाविसावा अध्याय गुळण्या, दंतमूळांवर औषध चोळणे, कानांत तेल घालणे अशा लहानसहान उपचारांना वाहिलेला आहे. मोठमोठ्या रोगांच्या चिकित्सेचे प्रकरण शोधणारा वाचक तो अध्याय सहसा उलटून पुढे जातो. परंतु याच अध्यायात चेहऱ्याला लावावयाच्या लेपांचे असे काही विवेचन आहे की, सुमारे तेराशे वर्षांनंतर आजही ते वाचताना वाचकाने थबकावे. वाग्भट मुखलेपाचे तीन प्रकार सांगतो. दोष हरण करणारा पहिला, विषाचा परिणाम घालविणारा दुसरा आणि कांती देणारा तिसरा. कांतीला त्याने तिसरे स्थान दिले आहे. हा क्रम त्याने हेतुतः लावला की श्लोकाच्या सोयीसाठी, हे सांगणे कठीण. तथापि वैद्याच्या दृष्टीला साजेसाच तो क्रम आहे, यात शंका नाही.

लेप किती जाड असावा, याचे प्रमाणही दिलेले आहे. बोटाच्या जाडीचा चौथा हिस्सा, तिसरा हिस्सा अथवा अर्धा हिस्सा, ही ती तीन मापे होत. वात किंवा कफ वाढलेला असता लेप उष्ण हवा, इतर वेळी अगदी थंड हवा. लेप चेहऱ्यावर ओला असेपर्यंतच राहू द्यावयाचा. वाळलेला लेप कांती बिघडवितो, असे वाग्भट स्पष्ट बजावतो. काढतानाही तो खरवडून काढावयाचा नाही. तो पुन्हा भिजवावा, मग अलगद उतरवावा आणि त्यानंतर चेहऱ्याला तेल लावावे. लेप लावलेला असताना दिवसा झोपू नये, फार बोलू नये, विस्तवाजवळ अथवा उन्हात बसू नये, शोक करू नये, रागावू नये. पडसे, अजीर्ण, जागरण किंवा तोंडाला चव नसणे यांपैकी काही असेल, तर त्या दिवशी लेप लावूच नये. पडशाच्या दिवशी लेप वर्ज्य करणाऱ्या या लेखकाने समोरचा माणूस नीट न्याहाळला असला पाहिजे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

यानंतर येते ते या प्रकरणाचे मर्म. वाग्भट सहा ऋतूंसाठी सहा लेप सांगतो आणि प्रत्येकाला बरोबर अर्धा श्लोक देतो. हेमंतात बोराच्या बीचा मगज, अडुळशाचे मूळ, लोध्र आणि पांढरी मोहरी. शिशिरात रिंगणीच्या जातीच्या वनस्पतीचे मूळ, काळे तीळ, दारुहळदीची साल आणि सोललेले जव. वसंतात दर्भाचे मूळ, चंदन, वाळा, शिरीष, बडीशेप आणि तांदूळ. ग्रीष्मात कुमुद, नीलकमल आणि कल्हार ही पाण्यातली फुले, त्यांच्या जोडीला दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन. वर्षा ऋतूत पिवळे चंदन, तीळ, वाळा, जटामांसी, तगर आणि पद्मकाष्ठ. शरदात तालीसपत्र, श्वेतकमळ, ज्येष्ठमध, काशाचे गवत, तगर आणि अगरू. यादी वरवर पाहिली तरी तिच्यातील गती ध्यानात येते. थंडीच्या दोन ऋतूंत मोहरी आणि तीळ, म्हणजे स्निग्ध व उष्ण बिया आहेत. वसंत लागताच वाळा आणि चंदन येतात; ग्रीष्मात तर जवळजवळ सगळा लेप तळ्याकाठचा आहे. पावसाळ्यात तीळ परत येतात, कारण वर्षा हा वातप्रकोपाचा काळ मानलेला आहे. शरदात पित्ताचा जोर, म्हणून ज्येष्ठमधही परत येते. वर्षभर एकच लेप लावावा, ही कल्पना या ग्रंथकाराच्या मनाला शिवलेली नाही.

ऋतू बदलला म्हणून उपचार रातोरात बदलावा, असेही त्याचे म्हणणे नाही. त्याच सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, म्हणजे ऋतुचर्येत, वाग्भटाने संधिकालाची व्याख्या केली आहे. जाणाऱ्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून होतो तो ऋतुसंधी. या चौदा दिवसांत जुनी चर्या क्रमाक्रमाने सोडावी आणि नवी क्रमाक्रमाने धरावी. एकदम सोडल्याने अथवा एकदम धरल्याने शरीराला न मानवणारे विकार उद्भवतात. चरकानेही सवयी पालटण्यासाठी चौथ्या हिश्शाचा क्रम सांगितला आहे, तो याच जातीचा. हा नियम आहार, विहार व औषध या सर्वांना लागू आहे आणि चेहरा त्यातून वगळलेला नाही.

अष्टांगहृदयाच्या टीकाकारांत महाराष्ट्राशी निकट संबंध असलेला एक पुरुष आहे. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप हेमाद्री पंडित, ज्याला लोक हेमाडपंत म्हणून ओळखतात, त्याने या ग्रंथावर आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली. तेराव्या शतकात राज्याचे सारे दप्तर सांभाळणाऱ्या या अधिकाऱ्याने चतुर्वर्गचिंतामणीसारखा अवाढव्य धर्मशास्त्रग्रंथ सिद्ध केला आणि शिवाय वैद्यकावरील टीकेलाही सवड काढली. पुढील काळातील दप्तरदारांनी हेवा करावा अशीच ही गोष्ट आहे. अरुणदत्ताची सर्वांगसुंदरा आणि हेमाद्रीची ही टीका अशा दोन्ही टीकांसह अष्टांगहृदयाची आवृत्ती १९३९ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडली, आणि अभ्यासकांच्या हाती आजही बहुधा तीच असते.

येथे एक शंका साहजिकच उद्भवते. भारतखंडात सहा ऋतू सर्वत्र सारखे असतात काय? सिंधच्या उन्हाळ्याचा, केरळच्या पावसाचा आणि काश्मीरच्या हिवाळ्याचा एकच हिशेब कसा चालावा? ही शंका प्राचीनांनाही आली होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ऋतुचर्येच्या अध्यायात ऋतूंच्या दोन गणना दिलेल्या आहेत. एकीत शिशिर आहे. दुसरीत शिशिर नाही आणि त्याच्या ऐवजी पावसाळ्याच्या आरंभीचा प्रावृट् हा स्वतंत्र ऋतू धरलेला आहे. टीकाकारांच्या परंपरेने याचा उलगडा भूगोलाच्या आधारे केला. गंगेच्या दक्षिणेस पाऊस अधिक, म्हणून तेथे पावसाचे दोन ऋतू. उत्तरेस हिमालयाच्या बाजूला थंडी अधिक, म्हणून तेथे थंडीचे दोन. म्हणजे सहा ही संख्या कायम राहिली, तरी कोणते सहा हे देशावर अवलंबून ठेवले गेले. श्लोक पाठ करून सर्व देशभर एकच लेप वाटणाऱ्यांनी शास्त्राचा हा भाग वाचला नसावा.

त्वचा कालानुसार बदलते, तशीच ती वयानुसारही बदलते. बालपणी कफ, तारुण्यात व मध्यम वयात पित्त आणि म्हातारपणी वात प्रबळ असतो, असा आयुर्वेदाचा सिद्धांत आहे. सिद्धांत बाजूला ठेवला तरी निरीक्षण डोळस आहे. सुश्रुताने क्षुद्ररोगांत मुखदूषिका नावाचा विकार वर्णिला आहे. तरुणांच्या तोंडावर सावरीच्या काट्यांसारख्या ज्या पुटकुळ्या उठतात, त्या मुखदूषिका होत. मराठीत त्यांना तारुण्यपीटिका म्हणतात आणि घरगुती बोलीत मुरुमे. त्यांच्यासाठी सुश्रुताने वमनावर भर दिला असून वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी यांचा लेप सांगितला आहे. त्या लेपात तेला-तुपाचा अंश नाही. तेलकटपणा शोषून घेणारी द्रव्येच प्रामुख्याने आहेत. त्याच प्रकरणात व्यंग नावाचा दुसरा विकार आहे. क्रोध आणि श्रम यांनी वायू प्रकुपित होऊन पित्तासह चेहऱ्याकडे येतो आणि न दुखणारा, पातळ, काळपट डाग उमटवितो, असे त्याचे वर्णन आहे. मराठी माणूस आजही या डागाला वांग म्हणतो. तो शब्द या व्यंगाचाच वंशज होय. वीस वर्षांच्या चेहऱ्याचे दुखणे वेगळे आणि चाळीस वर्षांच्या चेहऱ्याचे वेगळे, हा भेद अशा रीतीने ग्रंथांतही टिकला आणि भाषेतही.

वैद्यांच्या या दृष्टीशी ताडून पाहण्याजोगे एक दुसरे वेळापत्रक त्याच संस्कृत वाङ्मयात आढळते. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील नागरक रोज स्नान करतो, एक दिवसाआड अंग मर्दून घेतो, तिसऱ्या दिवशी फेन आणणारे द्रव्य लावतो आणि चौथ्या दिवशी दाढी करवितो. नागरकाचा हा क्रम मोठा सुटसुटीत आहे, परंतु तो दिवस मोजतो. ऋतू कोणता, चेहरा कोरडा पडला आहे की घामेजला आहे, याची तो विचारपूस करीत नाही. शहरातील संपन्न, हौशी आणि वेळेला बांधलेल्या गृहस्थाचे ते वेळापत्रक आहे. ऋतू पाहणारे वैद्याचे पंचांग आणि दिवस मोजणारे नागरकाचे घड्याळ, या दोन पद्धती तेव्हापासूनच शेजारी शेजारी नांदत आल्या. पुढे बाजार वाढला तेव्हा त्याने नागरकाची पद्धत उचलली, हे ओघानेच झाले.

मध्ययुगात राजवाड्यांनी लेपांचा विचार सुगंधाच्या अंगाने अधिक केला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या उपभोगांची गणना आहे, आणि तीत विलेपन हा एक स्वतंत्र उपभोग आहे. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत सुगंधी द्रव्यांच्या प्रकरणात ‘ओपटना’ या अंगाला चोळावयाच्या द्रव्याची कृती येते. संस्कृत उद्वर्तन, उत्तरेकडील उबटन आणि मराठी उटणे हे सगळे एकाच कुळातले शब्द होत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतीय सुगंध व प्रसाधने यांच्या इतिहासाची साधने आयुष्यभर जमविली. गंगाधराचा गंधसार हा ग्रंथ आणि मराठी टीकेसह असलेला गंधवाद यांची हस्तलिखिते त्यांनी प्रकाशात आणली. सुगंधाच्या शास्त्रावर मराठीत टीका लिहिण्याची गरज कोणाला तरी वाटली होती, ही गोष्ट त्या काळच्या अत्तरवाल्यांविषयी आणि त्यांच्या भाषेविषयी बरेच काही सांगून जाते.

सामान्य घरात मात्र मानसोल्लास नव्हता आणि अष्टांगहृदयही नव्हते. तेथे कॅलेंडर होते ते सणांचे आणि पिकांचे. महाराष्ट्रात वर्षाचे उटणे दिवाळीत लावतात, तेही तेलानंतर. म्हणजे शरद संपून थंडी अंगावर येऊ लागते नेमक्या त्या वेळी. कोकणात आणि गोव्यात रातांब्याच्या बियांपासून काढलेले तेल, ज्याला मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात, ते थंडीत फुटलेल्या ओठांना आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात. उत्तरेत त्याच कामी मोहरीचे तेल येते आणि केरळात खोबरेल. उन्हाळ्यात सहाणेवर चंदन उगाळावयाचे, तेलकट चेहऱ्याला डाळीचे पीठ अथवा मुलतानी माती लावावयाची, कोरड्याला साय. साय आणि डाळीचे पीठ एकाच घरात एकाच दिवशी सासू आणि सून यांच्या चेहऱ्यांवर वेगवेगळे जात, आणि त्यासाठी कोणाला ग्रंथाचा आधार लागत नसे. या घरगुती ज्ञानाचे फाजील कौतुक करण्याचे कारण नाही. त्यात लिंबाच्या रसासारखे आग करणारे उपायही होते, आणि मुलीचा रंग उजळावा म्हणून हळद चोळण्यामागे लग्नाच्या बाजाराची चिंता होती. परंतु काय लावावयाचे हे ठरविण्यापूर्वी चेहऱ्याकडे आणि आभाळाकडे पाहण्याची रीत त्यात होती खरी.

ही रीत मोडली ती बाटलीने. युरोपात थंड मलमाची परंपरा जुनी आहे. मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी यांच्या मिश्रणाचे श्रेय दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याला दिले जाते. त्यातील पाणी उडून जाताना त्वचा गार होते, म्हणून ते कोल्ड क्रीम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टिअरिक आम्ल आणि अल्कली यांपासून एक निराळे, तेलकट न वाटणारे मलम तयार होऊ लागले. ते चोळताच दिसेनासे होई, म्हणून त्याला व्हॅनिशिंग क्रीम म्हणत. बरोज वेलकम कंपनीने १८९२ साली आपल्या अशा मलमाला हेझलीन स्नो असे नाव दिले आणि ‘स्नो’ हा शब्द जगभर झाला. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ च्या सुमारास अफगाण स्नो बाजारात आणला. पुढे मराठी बोलीत ‘स्नो-पावडर’ हा एक जोडशब्दच होऊन बसला, आणि नटण्याला दुसरा शब्द उरला नाही. कलकत्त्यात १९२९ साली गौरमोहन दत्त यांनी बोरोलिन काढले. ते मात्र मुख्यतः थंडीवाऱ्याचे मलम म्हणून घराघरांत गेले. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली टाटांच्या लॅक्मे या कंपनीचा जन्म झाला. लक्ष्मी या नावाचे हे फ्रेंच रूप, एका फ्रेंच संगीतिकेच्या भारतीय नायिकेवरून घेतलेले.

या मलमांनी काही भले केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. लेप वाटावयास लागणारा वेळ वाचला, वस्तू स्वच्छ आणि टिकाऊ मिळू लागली, आणि ज्या स्त्रियांना घरात सहाण उगाळण्याची उसंत नव्हती त्यांनाही दोन मिनिटांत चेहरा सावरता येऊ लागला. पण बाटलीवर ऋतू लिहिलेला नव्हता. पाँड्सच्या विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील जाहिरातींनी दिवसा व्हॅनिशिंग क्रीम आणि रात्री कोल्ड क्रीम ही जोडी प्रत्येक स्वाभाविक त्वचेला आवश्यक ठरविली. नागरकाचे चार दिवसांचे वेळापत्रक येथे चोवीस तासांवर आले. त्वचा कोरडी, तेलकट, सर्वसाधारण अथवा मिश्र असते, असे वर्गीकरण प्रसाधनांच्या व्यापारात रूढ करण्याचे श्रेय पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात धंदा आरंभिलेल्या हेलेना रुबिनस्टाईन हिला दिले जाते. वर्गीकरण उपयुक्त होते, यात वाद नाही. मात्र प्रकार हा माणसाला जन्मभर चिकटलेला शिक्का असावा, अशा थाटात तो वापरला गेला. पौषात कोरडी असणारी त्वचा ज्येष्ठात तेलकट असू शकते, आणि विशीत तेलकट असणारी पन्नाशीत कोरडी पडते, हे त्या शिक्क्यात मावत नव्हते.

त्वचेचे विज्ञान याच काळात पुढे सरकत होते आणि त्याची वाट वेगळी होती. जर्मनीत शाडे आणि मार्किओनिनी यांनी १९२८ साली त्वचेवरील आम्ल आवरणाची कल्पना मांडली. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. साधा साबण अल्कधर्मी असल्याने तो हे आवरण काही काळ विस्कटून टाकतो. तरुण, तेलकट त्वचा ते लवकर सावरते. म्हाताऱ्या, कोरड्या त्वचेला वेळ लागतो. बॉस्टन येथील अर्विन ब्लँक यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याहूनही बोधक आहेत. त्यांनी घट्टा पडलेल्या कातडीचे वाळलेले तुकडे निरनिराळ्या तेलांत आणि चरबीत ठेवून पाहिले; ते कडकच राहिले. पाण्यात ठेवताच ते मऊ झाले. त्वचेच्या बाहेरील थराला मऊपणा देते ते पाणी, आणि तेलाचे काम ते पाणी उडू न देण्याचे, असा याचा निष्कर्ष. थंडीत हवा कोरडी झाली की हे पाणी झपाट्याने उडते, म्हणून तेव्हा जाड, स्निग्ध मलम हवे. मुंबईच्या आषाढात हवाच ओली असते, तेव्हा तेच मलम घाम कोंडून धरते.

वाग्भटाने लेप ओला असतानाच ठेवावयास आणि भिजवून काढल्यावर तेल लावावयास सांगितले होते, याची येथे कोणालाही आठवण व्हावी. आधी पाणी, मग तेल, हाच तो क्रम आहे. तथापि त्यावरून प्राचीनांना ब्लँक यांचा निष्कर्ष ठाऊक होता असे म्हणणे म्हणजे दोघांवरही अन्याय करणे होय. वाग्भटाने चेहऱ्याकडे पाहिले आणि वाळलेला लेप कांती बिघडवितो हे टिपले. कारण त्याने दोषांच्या भाषेत शोधले. ब्लँक यांनी कारण तपासले. निरीक्षण आणि कारणमीमांसा यांत तेरा शतकांचे अंतर पडले, एवढेच इतिहास सांगतो.

वयाच्या बाबतीतही विज्ञानाने जुन्या निरीक्षणाला कारण पुरविले. त्वचेतील तैलग्रंथी बालपणी जवळजवळ निजलेल्या असतात. पौगंडावस्थेत संप्रेरकांच्या प्रभावाने त्या जाग्या होतात आणि मुरुमे उठतात. स्त्रियांत पाळी जाण्याच्या वयानंतर त्यांचे काम बरेच मंदावते. पुरुषांत ते म्हातारपणापर्यंत टिकते. गर्भारपणात वांग उमटतो किंवा गडद होतो, कारण संप्रेरके आणि ऊन मिळून रंगद्रव्याला चाळवितात. म्हणजे पंधराव्या वर्षी चेहरा धुणे, तिसाव्या वर्षी उन्हापासून जपणे आणि साठाव्या वर्षी ओलावा टिकविणे ही तीन निरनिराळी कामे आहेत.

कायद्याला हा भेद नीट पकडणे सोपे गेले नाही. १९४० चा औषधविषयक कायदा मुळात औषधांपुरता होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात प्रसाधने आली आणि कायद्याचे नावही बदलले. अंगाला चोळण्याची, शिंपडण्याची अथवा लावण्याची जी वस्तू स्वच्छतेसाठी किंवा सौंदर्यासाठी असते ते प्रसाधन, अशी व्याख्या झाली. गंमत अशी की साबण तीतून वगळण्यात आला होता. तो १९८२ च्या दुरुस्तीने आत आला. १९६४ साली आयुर्वेदीय औषधे त्याच कायद्याच्या कक्षेत घेतली गेली. पण हळदीचे मलम हे औषध की प्रसाधन? केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली स्थापन केलेल्या विको कंपनीचा आणि अबकारी खात्याचा हा वाद न्यायालयांत दीर्घकाळ चालला, कारण उत्तरावर कराचा दर अवलंबून होता. अखेर निकाल कंपनीच्या बाजूने लागला. वाग्भटाचे तीन प्रकार दोषघ्न, विषघ्न आणि वर्ण्य असे होते. कराच्या तक्त्यात रकाने दोनच होते.

दोन रकान्यांच्या या जगात वर्ण्य या तिसऱ्या प्रकाराने बाकीच्या दोहोंना गिळून टाकले. १९७५ साली हिंदुस्थान लीव्हरचे फेअर अँड लव्हली भारतीय बाजारात आले आणि चेहऱ्याच्या निगेचा अर्थ पुष्कळांच्या मनात गोरेपणा असा होऊन बसला. २०२० साली त्या नावातून फेअर हा शब्द काढण्यात आला. रंग उजळविण्याच्या हव्यासात पाऱ्याची मलमेही जगभर विकली गेली. मिनामाता कराराने एक दशलक्षांश भागाहून अधिक पारा असलेल्या प्रसाधनांची निर्मिती व आयात-निर्यात २०२० पर्यंत थांबविण्याचे ठरविले, आणि भारताने तो करार २०१८ साली मान्य केला.

याहून मोठी हानी झाली ती औषधाच्या रकान्यातून. १९७५ सालीच अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी डाग घालविण्यासाठी ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि डेक्सामेथासोन या तीन द्रव्यांचे एकत्र मलम सुचविले. ते डाग असलेल्या जागी, ठरावीक मुदतीसाठी आणि वैद्याच्या देखरेखीखाली लावावयाचे होते. भारतात या सूत्राचे निरनिराळे अवतार औषधांच्या दुकानांतून चिठ्ठीवाचून विकले जाऊ लागले. शेजारणीने सांगितले, दुकानदाराने दिले, पंधरवड्यात चेहरा उजळला, म्हणून वर्षानुवर्षे रोज लावले. चेहरा बदलत होता आणि मलम बदलत नव्हते. त्यातील स्टिरॉइडने त्वचा पातळ झाली, लाल शिरा दिसू लागल्या, मुरुमे आणि नको तेथे केस उगवले, ऊन सोसेनासे झाले. लावणे थांबविले की चेहरा पेटून उठे, म्हणून पुन्हा तीच नळी हाती येई. त्वचारोगतज्ज्ञांना या अवस्थेला स्वतंत्र नाव द्यावे लागले आणि त्यांच्या संघटनेने बंदीसाठी पाठपुरावा केला. केंद्र सरकारने २०१८ साली अधिसूचना काढून चौदा स्टिरॉइडांच्या बाह्य वापराच्या औषधांना चिठ्ठीची सक्ती केली.

अशा चेहऱ्यावर उपचार करताना तज्ज्ञ ते मलम अनेकदा एकदम बंद करीत नाहीत. जोराचे औषध काढून सौम्य देतात, मग रोजचे एक दिवसाआड करतात, मग आठवड्यातून दोनदा. आणि त्या जागी साधे, वासरहित, ओलावा धरून ठेवणारे मलम आणि उन्हापासूनचे संरक्षण वाढवीत नेतात. या क्रमाला काही आठवडे लागतात, काहींना महिनेही. त्या अवधीत ऋतू पालटला, तर ओलाव्याचे मलमही पालटून घ्यावे लागते.